शाळा सोडल्याचं कारण

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. लोखंडी फाटकातली छोटी दिंडी उघडते, मी वाकून आत जाते आणि पाठीमागं कुलूप पुन्हा लागतं. पहाऱ्यावरच्या बाई वही पुढं करतात. नाव, वेळ, येण्याचं कारण. तिसऱ्या रकान्यात मी दर मंगळवारी लिहिते तेच लिहिते : गोष्टींची पुस्तकं.

मराठवाड्यातलं जिल्ह्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, मुलींची तर नाहीच. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम मुलीची ओळख पटेल असं काहीही छापू देत नाही, आणि ते कलम नसतं तरी मी छापलं नसतं. म्हणून इथल्या मुली तुम्ही त्यांच्या ओढण्यांवरून ओळखा.

आवार एक, इमारती दोन, मध्ये जाळीचं दार. डावीकडं बालगृह, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या’ मुलींसाठी. उजवीकडं निरीक्षणगृह, ‘विधिसंघर्षग्रस्त’ मुलींसाठी, ज्यांच्यावर एखाद्या गुन्ह्याचा आरोप आहे. कायद्याच्या पुस्तकात या दोघींची प्रकरणं वेगळी, यंत्रणा वेगळ्या. फाटकाचं कुलूप मात्र एकच. डावीकडच्या मुलीनं काही केलेलं नसतं, तिच्या बाबतीत काहीतरी झालेलं असतं. पण तिलाही बाहेर जायचं तर चिठ्ठी लागते, सोबत लागते, गाडी लागते.

आज गाडी दवाखान्यात चालली आहे. काळजीवाहक मावशींच्या जोडीच्या बाई रजेवर आहेत. अधीक्षिका मला विचारतात, “ताई, तुम्ही जाता का सोबत? तिघी आहेत.”

तिघी जीपच्या मागच्या बाजूला चढतात. पोपटी ओढणीवाली सोळा वर्षांची, सातवा महिना. तिला वर चढायला हात द्यावा लागतो. शेंदरी ओढणीवाली तिच्याहून लहान, तिचं पोट अजून दिसत नाही. तिसरीनं ओढणी घेतलेलीच नाही. सैल टी-शर्ट, केस मुलासारखे कापलेले. ती उजवीकडच्या इमारतीतली. बरोबर एक महिला पोलीस आहेत, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, कारण अशा मुलींच्या सोबत गणवेश घालायचा नाही. त्यामुळं बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या दिसत असू. फरक फक्त पायांत आहे. तिघींच्या पायांत एकाच मापाच्या वाटतील अशा निळ्या रबरी चपला, संस्थेनं एकगठ्ठा घेतलेल्या.

त्या चपला दवाखान्यातही ओळखतात. गरोदर बायांच्या रांगेत आम्ही उभ्या राहतो आणि पुढच्या दोन बाया आपापल्या सासवांकडं बघून गप्प होतात. एक सासूबाई मात्र भोळेपणानं विचारतात, “पयलंच का गं, बाई? मालक काय करतो?”

पोपटी खाली बघते. टी-शर्टवाली पटकन म्हणते, “मालक नाय. मावशी हाय.” आणि आमच्या मावशींच्या खांद्यावर हात टाकते. मावशी तो हात काढत नाहीत.

आतल्या टेबलावर सिस्टर माता व बालसंरक्षण कार्ड उघडतात. वजन 41. उंची 146. हिमोग्लोबिन 8.1. मग वरच्या ओळींकडं वळतात. मातेचं नाव. वय. पतीचं नाव. सिस्टरना संस्थेच्या मुलींची सवय आहे. त्या रकान्यात त्या एक आडवी रेघ ओढायला लागतात.

“लिवा की,” पोपटी हळूच म्हणते. “नाव हाय त्याला.”

सिस्टरचं पेन थांबतं. नाव आहे, तसा गुन्हाही दाखल आहे. मुलगा बावीस वर्षांचा आहे आणि सध्या जिल्हा कारागृहात आहे. 11 ऑक्टोबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की बायको अठराच्या आतली असेल, तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच. त्याआधी कायद्यात पंधरा वर्षांवरच्या बायकोसाठी पळवाट होती. ती बुजली हे चांगलंच झालं. पण समोरच्या मुलीला त्यातलं एवढंच कळलेलं आहे, की ती खरं बोलली आणि नवरा आत गेला.

खरं तर ती काहीच बोलली नव्हती. जूनमध्ये आशाताई तिला नाव नोंदवायला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथं आधार कार्ड मागितलं. कार्डावर जन्मतारीख होती. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या 19 व्या कलमानुसार अशी गोष्ट कळल्यावर पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. डॉक्टरांनी कळवलं. दोन दिवसांनी ती इथं होती. गर्भपाताच्या 24 आठवड्यांच्या मर्यादेपर्यंत दिवस तेव्हाच येऊन ठेपले होते, आणि तिला ते नकोही होतं.

डॉक्टर तारीख विचारतात. शेवटची पाळी कधी आली होती?

“संक्रांतीला यायला पायजे व्हती,” ती म्हणते. “आली न्हाई.”

“तेव्हा कुठं होतीस?”

“कऱ्हाडाकडं. ऊसतोडीला, कोपीवर.”

डॉक्टर लिहितात, बोटांवर आठवडे मोजतात. रक्त वाढवायला शिरेतून लोह द्यावं लागेल, म्हणतात. मग माझ्याकडं वळून, जणू मीच तिची आई आहे अशा आवाजात, “हिची स्वतःची वाढ अजून चालू आहे. खाल्लेलं दोघांत वाटलं जातं. प्रसूती इथं करू नका, वर पाठवा.”

शेंदरीची तपासणी लवकर होते. चौथा महिना. ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवते, एकदाच बोलते : “त्यालाबी असंच आत ठेवलंय का?” त्याला म्हणजे सतरा वर्षांच्या एका मुलाला. दोघं पळून पुण्याकडं गेली, चाकणला एका खोलीत तीन महिने राहिली. वडिलांनी पळवून नेल्याची तक्रार दिली. मुलगा आता मुलांच्या निरीक्षणगृहात आहे, ही इथं. दोघंही अठराच्या आतली. कायद्यात तो आरोपी, ती पीडिता, आणि दोघांच्या दारांना बाहेरून कडी.

परतताना जीपमध्ये कुणी बोलत नाही. टी-शर्टवाली खिडकीतून बसस्थानक मागं जाईपर्यंत बघत राहते.

दुपारी बाल कल्याण समिती बसते. कायद्यानं समिती पाच जणांची, त्यातली किमान एक बाई. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार तिला आहेत, पण न्यायालयासारखा उंच चौथरा इथं नसतो. लांबट टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा जार. आज तिघं सदस्य हजर आहेत. परिविक्षा अधिकारी बाई फायली लावून ठेवतात. त्या या संस्थेत नऊ वर्षं आहेत आणि फाईल हातात घेतली की पहिल्या पानाऐवजी तिसरंच पान उघडतात. मी कारण विचारते. “पहिल्या पानावर पोलीस असतात,” त्या म्हणतात. “मुलगी तिसऱ्या पानावर सुरू होते.”

पोपटीची आई सकाळच्या एस.टी.नं आली आहे. पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि एक जुनी साडी, बाळंतपणात लागेल म्हणून. मावशी पिशवी तपासतात, लाडू राहू देतात. आई खुर्ची सोडून जमिनीवर बसते. वर बसा म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकते. वय तेहतीस. तीही या गुन्ह्यात आरोपी आहे, जामिनावर सुटलेली. बालविवाह लावणाऱ्याला 2006 च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

“लग्न का लावलंत?” अध्यक्ष विचारतात. आवाजात राग नाही. हा प्रश्न त्या दर आठवड्याला कुणाला ना कुणाला विचारतात.

आई पदर सारखा करते. “पोरगी वयात आली, मॅडम. आमी पाटंच्या चारला फडात जायचो ते अंधार पडूस्तवर. कोपीला काय दार असतंय का? पाचटाची भिताडं. ही एकली, संगं बारकी दोन. कुनी आत शिरलं असतं तर कुनाला सांगायचं? मुकादमाला? तवा वाटलं, कुनाच्या तरी नावावर करावी.”

“आणि उचल?”

आई क्षणभर थांबते. इथं हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक असावं. ऊसतोडीचा हिशेब माणसांचा नसतो, कोयत्यांचा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. अविवाहित मुलगी फडात कितीही राबली, मोळ्या बांधल्या, वाढं गोळा केलं, तरी ती कोयता होत नाही. दिवाळीच्या आधी लग्न लागलं की त्या हंगामाला एक नवा कोयता तयार होतो, आणि त्याच्या उचलीतून लग्नाचा खर्चही निघतो.

“घेतली,” आई म्हणते. “त्यातनंच लगीन केलं. अजून फिटली न्हाई.”

“मुलीचं वय गावात कुणाला माहीत नव्हतं?” एक सदस्य विचारतात. महाराष्ट्रात गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकावर आहे, मदतीला अंगणवाडी सेविका.

“पंगतीला कोण नव्हतं, मॅडम?” आई म्हणते.

टेबलावर कुणी काही बोलत नाही. पंख्याची कटकट तेवढी ऐकू येते.

मग पोपटीला आत बोलावतात. ती आईशेजारी उभी राहते. दोघींची उंची सारखीच. अध्यक्ष तिला सावकाश समजावतात. बाळ जवळ ठेवायचं की सोपवायचं हे तुझ्या इच्छेवर आहे. सोपवायचं म्हणालीस तरी लगेच कुणी घेऊन जाणार नाही, विचार बदलायला साठ दिवस मिळतात. ती बोटं मोजते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर.

“म्हंजी दिवाळी का?”

“साधारण दिवाळीच्या आसपास.”

“दिवाळीला तर टोळी निघती,” ती म्हणते आणि आईकडं बघते. आई तिच्याकडं बघत नाही.

घरी जायचं का, असं विचारल्यावर ती जोरानं होकाराची मान हलवते. पण घर म्हणजे कोणतं? आईचं घर हंगामभर बंद असतं. सासरी जाता येत नाही, तिथं खटल्यातले साक्षीदार राहतात. समिती पुढची तारीख देते. तोवर मुक्काम इथंच.

शेंदरीचे वडील आलेले आहेत, पण फाटकाच्या बाहेर. आत यायला तयार नाहीत. परिविक्षा अधिकारी दोनदा बाहेर जाऊन येतात. मुलगा दुसऱ्या जातीचा. वडिलांचं म्हणणं एकच, गर्भ पाडा, मग बघू. अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. ती द्यायला ते तयार आहेत, मुलीला घरी न्यायला नाहीत. आणि मुलगी गर्भपाताला तयार नाही. तिसऱ्यांदा निरोप येतो : आमच्यासाठी ती मेली. निरोप आणणाऱ्या बाई तो समितीला जसाच्या तसा सांगतात. मुलीला सांगतात, “बाबांना आज जमलं नाही.”

चार वाजता समिती उठते. जाळीचं दार ओलांडून मी उजवीकडं जाते. पुस्तकांचा तास दोन्हीकडं होतो, आधी डावीकडं, मग इथं. आज दवाखान्यामुळं क्रम उलटा झाला आहे.

टी-शर्टवाली आधीच बसून आहे. तिच्यावर मोबाईल चोरीचा आरोप आहे, बाल न्याय मंडळासमोर तारखा चालू आहेत. गरोदर असल्याचं इथं आल्यावर, प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत कळलं; तिला स्वतःलाही तेव्हाच. घर सोडलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सावत्र बापाबद्दल ती बोलत नाही, फक्त त्याचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जाते. त्यानंतर स्टेशनं. एका मोठ्या माणसानं आसरा दिला, जेवण दिलं, काम दिलं. काम म्हणजे गर्दीत मोबाईल उचलणं. पोटातलं बाळ त्याचंच. पोलिसांनी, मंडळानं, समुपदेशक ताईंनी कितीदा विचारलं, ती त्याचं नाव घेत नाही.

एकदा मीही विचारलं होतं. तिनं मला वेड्यात काढावं तसं बघितलं होतं. “नाव सांगितलं तर बाहेर गेल्यावर राहू कुठं?”

आज ती वेगळंच विचारते. “त्या रांगेतल्या म्हातारीनं मालक विचारला, मला का नाय विचारलं?”

“तुझं पोट दिसलं नसेल.”

“चप्पल दिसली असंल,” ती म्हणते आणि पुस्तक उघडते. अक्षर जोडून जोडून वाचते. को-ल्हा. वि-ही-र. अक्षरं तिला इथं आल्यावर लागली. तीन ओळी झाल्या की थांबून पोटावर हात ठेवते. पाचवा महिना आहे, हालचाल कळायला लागली आहे. “हे ऐकतंय,” ती म्हणते, जरा संकोचून.

बाहेर पडण्याआधी मी परिविक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत डोकावते. त्या पोपटीचा सामाजिक तपासणी अहवाल पुरा करत आहेत, उद्या द्यायचा आहे. टेबलाच्या काचेखाली त्यांनी आपल्या हस्ताक्षरात काही आकडे लिहून ठेवलेत. 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. अठराच्या आत लग्न झालेल्या, 20 ते 24 वयाच्या बाया : महाराष्ट्र 21.9 टक्के, बीड 43.7, परभणी 48. त्याखाली दोन आकडे लाल शाईनं. देशातल्या 15 ते 19 वयाच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलींपैकी 18 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर; बारावीपर्यंत किंवा पुढं शिकलेल्यांत 4 टक्के.

“हे लाल का?” मी विचारते.

उत्तराऐवजी त्या अहवाल माझ्याकडं फिरवतात. तिसरं पान. शिक्षण. शेवटची इयत्ता : सातवी. खालचा रकाना, शाळा सोडल्याचं कारण. छापील पर्याय आहेत, समोर खूण करायची. त्यांनी दोन खुणा केल्यात आणि जागा पुरली नाही म्हणून समासात बारीक अक्षरांत लिहिलंय. आईवडील सहा महिने ऊसतोडीला. मुलगी आजीजवळ राहून शिकत होती. आजी वारली. आठवीची शाळा दुसऱ्या गावी. बस फाट्यापर्यंत येते, फाटा वस्तीपासून तीन किलोमीटर. एकटीला पाठवायची कशी म्हणून संगे फडावर नेली.

मी तारखा जुळवून बघते. आजी गेली ते वर्ष, सातवीचा निकाल, आणि मग दिवाळी. त्या दिवाळीपासून लग्नाच्या दिवाळीपर्यंत दोन वर्षं आहेत. त्या दोन वर्षांत तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही. पहिल्या पानावर, पोलिसांच्या पानावर, गोष्ट लग्नापासून सुरू होते. शेंदरीच्या फायलीतही हेच पान आहे : नववी नापास, मग घरात. टी-शर्टवालीच्या फायलीत ‘शेवटची इयत्ता’ या ओळीवर ‘चौथी’ लिहून पुढं प्रश्नचिन्ह आहे.

“मी हिला विचारलं,” त्या म्हणतात, “की शाळा सुटली तेव्हा घरी कुणी आलं होतं का चौकशीला? गुरुजी, बाई, कुणीही? तर म्हणते, ‘तुमीच पयल्यांदा इचारताय.’ ” त्या पेनाचं टोपण लावतात. “सातव्या महिन्यात विचारतेय मी. कुलपाच्या आतून.”

बाहेर मुलींची संध्याकाळची हजेरी चालू आहे. डावीकडं, मग उजवीकडं. प्रत्येक नावाला ‘हजर’ असा आवाज येतो. रोज दोनदा ही हजेरी होते आणि एकही मुलगी कधी निसटत नाही, इतकी ती काटेकोर असते.

जुलै संपत आला आहे. सहा आठवड्यांपूर्वी गावोगावच्या शाळा उघडल्या. तुमच्या गल्लीतली, वस्तीवरची, भावकीतली एखादी सातवी-आठवीची मुलगी या जूनमध्ये वर्गात गेली नसेल. तिच्या घरी दिवाळीच्या आधी जा. आणि जाऊन एवढंच विचारा : शाळा का सोडली?